बेल्लमपल्लीच्या केकसाठी काय कुठून आणायचं?

डिसेंबर लागला की घरून येणारे आईचे मेसेज बदलतात. ‘जेवलीस का’ मागे पडतं आणि ‘१एम दोन, १०४ एक, बोर्ड ८ इंची पन्नास, लाल जेल. सोनेरी नको’ असं काहीतरी येतं. मागच्या वर्षी रूममेटच्या हाती माझा फोन होता तेव्हा नेमका हाच मेसेज आला. तिनं वाचला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ‘तुझी आई नक्की करते काय?’

आई केक करते. बेल्लमपल्लीला, घरच्या ओटीजीत. आमचं गाव तेलंगणातलं, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात. कोळशाच्या खाणींमुळे वसलेलं. वडील सिंगरेणीत होते, मूळ घर राजुऱ्याकडचं, म्हणून घरात मराठी आणि दाराबाहेर तेलुगू. नाताळात आणि वाढदिवसांना आईच्या केकला मागणी असते. आणि हे सगळं चालतं ते सामानावर. केक करायला शिकवणारे व्हिडिओ हजार आहेत, पण त्यातली बाई ‘आता आपण टर्नटेबल घेऊ’ म्हणते तेव्हा ते टर्नटेबल आमच्या गावात कुठे मिळणार, ते ती सांगत नाही. वाङ्मय मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं, त्यांच्याही घरी असाच उद्योग सुरू होतोय, म्हणून हा लेख. साहित्य म्हणजे केकचंच, हे आधी सांगून टाकते.

पहिली गोष्ट आम्ही पैसे घालवून शिकलो: ‘चांगलं दुकान कुठलं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठली वस्तू प्रवास सोसते, ते आधी बघायचं. नोझल बल्लारशाहला गाडी बदलून, दीड दिवस बॅगेत राहूनही नोझलच राहतं. क्रीम राहत नाही. म्हणून एकाच ठिकाणाहून सगळं घ्यायचा हट्ट सोडला की खरेदी निम्मी सोपी होते.

न नासणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करू, कारण त्यासाठी आपल्या कॉलेजइतकी सोयीची जागा नाही. गेटातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट. नाव बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झालं तरी टॅक्सीवाला क्रॉफर्डच म्हणतो. १८६९ ची इमारत. दारावरची दगडातली चित्रं लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डच्या वडिलांची. ती बघायला मान वर करा, पण पर्स पुढे धरा. मंडईत आणि तिच्या आजूबाजूला बेकरीच्या सामानाची दुकानं आहेत. त्यातलं अरिफे हे नाव केक करणाऱ्यांत इतकं मुरलंय की लोक दुकानाचं नाव सांगतात आणि गल्ली विसरतात. साचे, कटर, नोझल, बोर्ड, रंग, सगळं एका छताखाली दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं निदान एकदा तिथे नुसतं बघायला जावं. खोके, रिबिनी, मेणबत्त्या आणि पॅकिंगचं बाकी सामान मात्र मी अब्दुल रहमान स्ट्रीटला घेते. तिथे डझनाचा भाव लागतो.

आता काय घ्यायचं. नवशिके लोक चोवीस नोझलचा डबा घेतात, आम्हीही घेतला. त्यातली अठरा अजून कोरी आहेत. नोझल म्हणजे आयसिंगच्या पिशवीच्या टोकाला बसवायची धातूची निमुळती टोपी. तिच्या तोंडाच्या आकारावर क्रीमचा आकार ठरतो. या टोप्यांवर जे नंबर असतात त्यातले बरेचसे विल्टन या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीचे आहेत. १९२९ साली शिकागोत सुरू झालेली ही कंपनी. आपल्याकडचे कारखानेही तेच आकडे छापतात, पण आकार दरवेळी तंतोतंत जुळतोच असं नाही. म्हणून नंबर सांगा आणि तोंडही बघा. १एम म्हणजे मोठा उघडा तारा. मफिनवरचा भोवरा आणि केकच्या कडेची गुलाबासारखी फुलं यानं होतात. १०४ ला एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी फट असते. पाकळ्या तिच्यातून निघतात. ३५२ पानाचा. २ किंवा ३ नंबरचं गोल तोंड नाव लिहायला. एवढ्यावर आईनं पहिली दोन वर्षं काढली. घेताना नोझल उजेडाकडे धरून आत बघायचं. आत जोड दिसत असेल तर क्रीमच्या रेषेला चरा पडतो. बिनजोडाची थोडी महाग असतात, ती घ्या.

नावाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आईला तेलुगूत नाव लिहिणं सोपं जातं. अक्षरं गोल, हात वळत राहतो, क्रीम तुटत नाही. मराठीत शिरोरेघ आली की पंचाईत. आधी ओढली तर अक्षरं खाली घसरतात, नंतर ओढली तर ती अक्षरांवर चढते. तिनं शेवटी शिरोरेघच सोडून दिली. समोरच्या अक्का म्हणतात, तुमची मराठी केकवर टोपी काढून बसते.

टर्नटेबल, म्हणजे केक ठेवून फिरवायचा पाट, प्लास्टिकचा दोन-तीनशे रुपयांत येतो आणि हलक्या केकला पुरतो. दोन-तीन मजली केक करायचे असतील तर लोखंडी बैठकीचाच हवा. पण तो मुंबईहून नेऊ नका, वजनानं खांदा निघतो. तो हैदराबादहून. पॅलेट नाइफ (बिनधारेची लवचीक पट्टी) वाकडा घ्यावा, सरळ नव्हे. वाकड्यानं बोटं क्रीमला लागत नाहीत. कडा गुळगुळीत करायला स्क्रेपर मिळतो, पण स्टीलची नवी फूटपट्टी, फक्त केकसाठी ठेवलेली, तेच काम करते.

केक भाजायचे डबे कुठूनच आणू नका. ते आमच्या गावात भांड्यांच्या दुकानात ॲल्युमिनियमचे मिळतात, तुमच्याही मिळत असतील. ६ इंची डब्यात अर्धा किलोचा केक होतो, ८ इंचीत किलोचा. ‘दोनच इंच तर जास्त’ असं वाटतं, पण तळाचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं. ज्यांनी दहावीत पाय-आर-स्क्वेअर पाठ करून सोडून दिलं, त्यांच्यासाठी हा उपयोग. केकखालचा बोर्ड केकपेक्षा दोन इंच मोठा घ्यायचा. तो संपलाय म्हणून पुठ्ठ्यावर वर्तमानपत्र गुंडाळून केक देणारे मी पाहिलेत. वर्तमानपत्राच्या शाईत अन्न गुंडाळू नये असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०१६ मध्येच दिलाय. ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, भागतं.

मुंबई लांब असेल तर? बेल्लमपल्ली काझीपेठ–बल्लारशाह मार्गावर आहे, त्यामुळे आम्हाला दोन दिशा. दक्षिणेला सिकंदराबाद अडीचशे किलोमीटरच्या आसपास. भाग्यनगर एक्सप्रेसनं लोक सर्रास जातात. हैदराबादच्या बेगम बाजारात भांडी, साचे, सुका मेवा आणि केकचं सामान घाऊक भावात मिळतं. जड वस्तू तिथून. उत्तरेला नागपूरची इतवारी, पण गाडीच्या वेळा जमवून एका दिवसात परत येणं आम्हाला जमत नाही. त्यामुळे नागपूरला कुणाचं लग्न असेल तरच.

ऑनलाइनचं काय, असं प्रत्येकजण विचारतं. पिनकोड टाकून बघा. ५०४२५१ टाकलं की नोझल, बोर्ड, पिशव्या येतात, थोडं उशिरा पण येतात. गोठवलेल्या क्रीमवर ‘आपल्या भागात उपलब्ध नाही’. चॉकलेटचा स्लॅब हिवाळ्यात नीट येतो. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा मागवला तर पुन्हा गोठलेला, वर पांढरट डाग पडलेला गोळा हाती येतो. खाल्ला तर काही होत नाही, पण सजावटीला दिसतो वाईट. केकसाठी बहुतेकजण कंपाउंड चॉकलेट वापरतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे ते नुसतं वितळवून वापरता येतं. खऱ्या चॉकलेटसारखं ठरावीक तापमानाला खेळवत बसावं लागत नाही. उन्हाळ्यापुरता साठा फेब्रुवारीतच करून ठेवायचा.

आता क्रीम. सगळ्यात जास्त नुकसान आम्ही इथेच सोसलं.

जुन्या पुस्तकांत बटर आयसिंग असतं. लोणी बत्तीस-पस्तीस अंशाला वितळतं, म्हणजे आमच्या मे महिन्यात ते केकवर नव्हे, ताटात असतं. डबाबंद फ्रेश क्रीम फेटून बघितलं, फुललं नाही. नंतर कळलं की त्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, आणि फेटून फुलायला निदान ३० लागतो. म्हणून भारतातल्या बहुतेक बेकऱ्यांत वापरतात ते गोठवलेलं, दूध नसलेलं व्हिप टॉपिंग. या प्रकाराची सुरुवात गमतीची आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून क्रीम बनवलं. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की विक्रेत्यांना दाखवायला नेताना सुक्या बर्फात गुंडाळलेलं ते क्रीम प्रवासात गोठून दगड झालं. आता फजिती होणार असं वाटलं, पण तोच गोळा फोडून फेटला तर मस्त फुलला. दुधाचं क्रीम गोठवलं की फाटतं. हे फाटलं नाही. त्यातूनच गोठवलेल्या टॉपिंगचा धंदा उभा राहिला.

रिचसाहेबांचं गोठलं, माझं वितळलं. पहिल्या वर्षी मी मुंबईहून दोन किलो क्रीम थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नेलं. वर्ध्यापर्यंत बर्फ होता. घरी पोचेपर्यंत खोके मऊ पडले होते. आईनं ते पुन्हा फ्रीझरमध्ये टाकलं, आणि तिथेच चुकलं. खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं: उणे १८ अंशांना ठेवा, वापराच्या आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, एकदा सुटलं की पुन्हा गोठवू नका. नाताळाच्या आदल्या रात्री ते फेटायला घेतलं तर पाणी वेगळं, तेल वेगळं. तीन ऑर्डरी. आईनं त्या रात्री केकवर पिठीसाखर चाळून, मधोमध काजू-चेरी लावून दिले आणि पैसे कमी घेतले. एकानं तर तेच पुढच्या वर्षी मुद्दाम मागितलं, पण ती वेगळी गोष्ट.

तर क्रीम जवळूनच घ्यायचं. आमच्यासाठी जवळ म्हणजे मंचेरियाल, वीसेक किलोमीटर. तिथे बेकऱ्यांना माल पुरवणाऱ्याकडून आई किलोकिलोनं घेते. तुमच्या गावात असा माणूस शोधायचा सरळ मार्ग म्हणजे ज्या बेकरीच्या केकवरचं क्रीम तुम्हाला आवडतं तिथे जाऊन ‘अण्णा, क्रीम कुठून येतं?’ विचारणं. आम्हाला वाटलं होतं सांगणार नाहीत. सांगितलं, वर गाडी कुठल्या वारी येते तेही सांगितलं. खरा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो असा: वीज गेली की तुमच्या फ्रीझरला जनरेटर आहे का? खोकं हातात घेऊन दाबून बघा. कोपरे दगडासारखे हवेत. खोकं फुगलेलं किंवा तळाशी वेडंवाकडं गोठलेलं असेल तर ते एकदा सुटून पुन्हा गोठलंय. असं खोकं परत ठेवा, भाव कमी केला तरी. मंचेरियालहून घरी यायला तासाभराच्या आत, ओल्या गोणपाटात नाही तर थर्माकोलमध्ये. फेटताना भांडं आणि मिक्सरचं पातंही थंड. उन्हाळ्यात आई पहाटे पाचला फेटते.

रंगांचं काम क्रीमइतकंच नाजूक. साधा पाण्यासारखा रंग क्रीममध्ये जास्त घातला की क्रीम सैल होतं, म्हणून दाट जेल रंग. चॉकलेटमध्ये जेलही चालत नाही, त्यातल्या पाण्यानं वितळलेलं चॉकलेट गच्च होऊन दाणेदार होतं. तिथे तेलातला किंवा कोरडा रंग. गडद लाल हवा असेल तर रंग आदल्या रात्री घालून ठेवा, तो आपोआप गडद होतो. नाही तर ओतत राहता आणि जीभ कडू होते.

आणि लेबल वाचा. भारतात खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लेबलवर ते बऱ्याचदा आकड्यांनी येतात: पिवळ्याला १०२, केशरीला ११०, लालला १२२, १२४, १२७, निळ्याला १३२, १३३, हिरव्याला १४३. बाटलीवर हे आकडे किंवा नावं, आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असला पाहिजे. पुडीत बांधून मिळणारा, नाव-गाव नसलेला ‘मिठाईचा रंग’ कितीही झकास दिसला तरी घेऊ नका. गुलाबी म्हाताऱ्याच्या केसांमध्ये ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग सापडला म्हणून २०२४ मध्ये तमिळनाडूनं त्यावर बंदी आणली, ते आठवत असेल.

आता ते ‘सोनेरी नको’.

दुसऱ्या वर्षी मी आईसाठी सोनेरी चमकी घेऊन गेले होते. केकच्या दुकानातून नव्हे, कागद-रिबिनींच्या दुकानातून. डबीवर इंग्रजीत ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं होतं. मला वाटलं झालं, विषारी नाही म्हणजे खाता येतं. स्वस्तही होती. आईनं एका पाच वर्षांच्या मुलाच्या केकवर ती भुरभुरली, मुकुट काढला त्यावर. केक खोक्यात भरताना वडिलांनी चष्मा लावून डबीची मागची बाजू वाचली. ‘पीईटी’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे पॉलिएस्टर. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या असतात ते प्लास्टिक, बारीक कातरलेलं. आईनं काही न बोलता वरचा पूर्ण थर खरवडून काढला आणि नव्यानं लावला. मुलाचे वडील ओट्यावर अर्धा तास बसून होते. त्या अर्ध्या तासात माझ्याकडे कुणी बघितलं नाही, ते बरंच झालं.

‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. हा फरक किती महागात पडतो ते अमेरिकेत दिसलंय. २०१८ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या झाल्या. वरच्या गुलाबी-सोनेरी भुकटीत भरपूर तांबं होतं. २०१९ मध्ये मिसूरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं आढळलं. त्याच्या केकवरच्या पिवळ्या भुकटीत वजनाच्या पाव भाग शिसं होतं. तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेनं २०२१ मध्ये दोन्ही घटना जाहीर केल्या. तिथला धडा आपल्या डबीलाही तसाच्या तसा लागू होतो. खायची चमकी असेल तर डबीवर ‘एडिबल’ आणि घटकांची यादी हवी: साखर, डिंक, स्टार्च, परवानगी असलेले रंग. ‘फक्त सजावटीसाठी’ असं लिहिलेलं असेल तर ती काढून ठेवता येईल अशा खेळण्यावर लावा, क्रीमवर नको. सोन्याचांदीचा वर्ख चालतो. प्राण्यांच्या कातड्यात कुटलेल्या वर्खाला २०१६ पासून मनाई आहे, पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या. जिलेटिनचंही तेच. फॉन्डंट (साखरेचं लाटता येणारं पीठ) आणि जेली काही ठिकाणी प्राणिज जिलेटिनची असतात. कोणाच्या घरी केक जाणार आहे ते विचारून घेतलेलं बरं. पाकिटावरची हिरवी-तपकिरी खूण बघायला किती वेळ लागतो!

सगळं विकत घ्यायला हवं असंही नाही. ताजी फुलं सुंदर दिसतात, पण कण्हेर कधीही नाही, ती विषारी असते. आमच्याकडे दारोदारी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. दुकानातल्या गुलाबावर फवारणी असते. घरच्या कुंडीतला घ्या, देठाला फॉइल गुंडाळून खोचा. पायपिंग बॅग संपली तर बटर पेपरचा कोन, मेंदीचा करतो तसाच. मेंदी काढणारा हात केकवर चांगला चालतो, हे मी बघितलंय.

घरून विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, ऑनलाइन होते. आईनं ती केल्यापासून दुकानदार तिला घाऊक भाव लावतात, हा अनपेक्षित फायदा.

यंदाची यादी कालच आली. १एम एक (जुनं अक्कांच्या नातवानं चेपलं), ३५२ दोन, बोर्ड ६ इंची शंभर, हिरवं जेल, बटर पेपरचा रोल. क्रीम बाबा मंचेरियालहून आणणार आहेत, २२ तारखेला, गाडी येते त्या दिवशी. शनिवारी दुपारी क्रॉफर्डला जातेय. कुणाला काही हवं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, पण टर्नटेबल सांगू नका.